हेडचा फेस मारून आणला, अर्धा मिमी गेला. आता कशाकशाची भरपाई करायची?

रविवारचा_फिटर

नमस्कार मंडळी,

इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोल, १६०० सीसी. बोअर ७९, स्ट्रोक ८१.५, कॉम्प्रेशन रेशो १०. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टायमिंग बेल्टवर. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बकेट टॅपेट, शिमवाले (शिम म्हणजे फट नेमकी करणारी पातळ चकती). पिस्टन सपाट डोक्याचे.

पाणी कमी होऊन इंजिन तापलं, हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट) गेलं. हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे ब्लॉकवर बसणारी बाजू मशीनवर सपाट करायला, दिलं. "साफ होईल एवढाच कट घ्या" असं बजावून सांगितलं होतं. परत आलं ते आरशासारखं. पण देण्याआधी मी हेडची उंची चार कोपऱ्यांत मोजून वहीत लिहिली होती. आता मोजतो तर चारही ठिकाणी अर्धा मिमी कमी. मॅन्युअलमधल्या किमान उंचीच्या वर जेमतेम एक दशांश मिमी उरला आहे.

हेड टेबलावर आहे, चढवलेलं नाही. मला तीन गोष्टी कळत नाहीत. जाड पॅकिंग घातलं की सगळं जागेवर येतं का? टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) किती हलेल? व्हॉल्व्ह पिस्टनला लागतील का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.

तेलकट_हात

चढवलं नाहीत हे फार बरं केलंत. चार दिवस तसंच राहू द्या. पण फेस खाली करून ठेवू नका, त्यावर ओरखडा पडेल.

बारा_चौदाचा_पाना

मी आजवर सहा-सात हेडं फेस मारून बसवली. जाड पॅकिंग, नवे बोल्ट, टॉर्क (बोल्ट आवळायचा ठरलेला जोर), चावी. एकही परत आलं नाही. अर्धा मिमी म्हणजे काय, नखाएवढं. माणसाला उगाच घाबरवू नका.

मायक्रॉन_मावशी

@बारा_चौदाचा_पाना, तुमची हेडं चालली यात शंका नाही. पण त्यातली किती अर्ध्या मिमीची होती? दीड दशांश आणि पाच दशांश यांत खूप अंतर आहे.

मी मिलिंगवर हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर. फेस मारण्याआधी हेड मोजायचं असतं. स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घेऊन सहा रेघांत: लांबीच्या दोन कडा, रुंदीच्या दोन आणि दोन कर्ण. बऱ्याच चार सिलिंडर हेडांना ०.०५ ते ०.१ मिमीपर्यंतचा बाक चालतो. नेमका आकडा मॅन्युअलचा. बाक किती हे कळलं की किती काढायचं ते आपोआप ठरतं. दीड दशांश बाक असेल तर कट दोन दशांशांत आटपायला हवा. पाच दशांश गेले, याचा अर्थ एक तर बाक फार मोठा होता, नाही तर हेड टेबलावर समपातळीत बांधलंच नव्हतं आणि एका टोकाला जास्त, एका टोकाला कमी खाल्लं गेलं. तुमची उंची चारही कोपऱ्यांत सारखीच उतरली आहे, म्हणजे दुसरं कारण बाद. मग मोठे कट घेऊन मोकळे झाले असावेत.

आता एक काम करा. चेंबरच्या (हेडमधल्या, मिश्रण जळतं त्या खळग्याच्या) कडेवरून बोट फिरवा, हळूच. फेस मारला की ती कड ब्लेडसारखी होते. अ‍ॅल्युमिनियमची पातळ कड ज्वालेत फार तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. बारीक फाईलने, मग बाराशेच्या पॉलिश पेपरने ती धार मारा. फक्त धार. सीटला (व्हॉल्व्हच्या बैठकीला) आणि फेसला पेपर लागू देऊ नका. पाण्याच्या भोकांच्या कडाही तशाच बघा.

आणि "आरशासारखं" म्हणजे चांगलंच असं धरून चालू नका. तुमचं पॅकिंग अनेक पत्र्यांचं स्टीलचं असेल तर फेसचा खरखरीतपणा ०.८ मायक्रॉन आरएच्या (सरासरी खरखरीतपणाच्या मापाच्या) आत हवा. जुनं कंपोझिट पॅकिंग असेल तर त्याला थोडा दात लागतो. नजर चकाकी दाखवते, खरखरीतपणा मोजत नाही.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पुढे चालू द्या.

स्पर्शिका

मी गणिताची बाजू घेते.

एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालून वर जाताना व्यापतो ती जागा): बोअर ७.९ सेमी म्हणजे क्षेत्रफळ ४९ चौ. सेमी, त्याला ८.१५ ने गुणलं की सुमारे ३९९.५ सीसी. रेशो १० म्हणजे टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) वर उरलेली जागा ३९९.५ भागिले ९, म्हणजे ४४.४ सीसी. पिस्टन सपाट आणि डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूच्या) पातळीत येत असेल तर ही जागा दोनच ठिकाणी असते, हेडच्या चेंबरमध्ये आणि पॅकिंगच्या जाडीत. दाबलेलं पॅकिंग १.२ मिमी आणि त्याचं भोक ८० मिमी धरलं तर पॅकिंगचे ६ सीसी. उरलेले ३८.४ चेंबरचे.

आता चूक इथे होते: लोक काढलेली जाडी सरळ बोअरच्या क्षेत्रफळाने गुणतात. त्या हिशेबाने अर्ध्या मिमीत जवळपास अडीच सीसी जातील. पण चेंबरचं तोंड बोअरएवढं नसतं, दोन्ही बाजूंना सपाट पट्ट्या असतात. फेसवर कागद ठेवून पेन्सिलने तोंडाचा ठसा घ्या आणि आलेख कागदावर चौकोन मोजा. समजा तोंड ३८ चौ. सेमी भरलं, तर १.९ सीसी गेले. वर उरले ४२.५. नवा रेशो १०.४.

पण अंदाजावर थांबू नका. ब्युरेट घ्या. व्हॉल्व्ह बसवा, प्लग लावा, फेसला ग्रीसची पातळ रेघ द्या, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड काच दाबून बसवा आणि रॉकेल सोडा. बुडबुडा उरला तर हेड किंचित कलतं करा, तो भोकाशी येतो. चारही चेंबर मोजा. चारांत फरक निघाला तर तो आकडा सरासरीपेक्षा महत्त्वाचा.

बारा_चौदाचा_पाना

दहाचे दहा पॉइंट चार झाले. गाडी उलट जोरात पळेल की.

तेलकट_हात

पळेल, जोवर नॉक होत नाही (मिश्रण अवेळी भडकत नाही) तोवर. नॉक सेन्सर असलेलं इंजिन अशा वेळी ठिणगी मागे घेतं. आपल्याला वाटतं रेशो वाढला, ताकद वाढली. प्रत्यक्षात चढावर पेडल दाबलं की गाडी जड वाटते. सेन्सर नसेल तर चढावर तो खणखण आवाज, आणि मग पिस्टनची कड जाते.

रविवारचा_फिटर

@स्पर्शिका, ब्युरेटने मोजलं. ३६.५, ३६.४, ३६.५, ३६.६. तुमचा अंदाज अगदी बरोबर आला, विश्वास बसेना. मॅन्युअलप्रमाणे पॅकिंग १.२, आणि ०.३ मिमी जाड असलेलं दुरुस्तीचं पॅकिंग मिळतं. मग तेच घालू ना?

स्पर्शिका

१.५ चं घातलं तर पॅकिंगचे दीड सीसी वाढतात. वर ४४ सीसी, रेशो १०.१. कॉम्प्रेशनपुरतं उत्तर हो.

दोन_स्ट्रोक

थांबा थांबा. जाड पॅकिंगची दुसरी बाजू कोणी सांगितलीच नाही.

मी मोटारसायकलचे टू-स्ट्रोक हेड वर्षानुवर्षं करतो, तिथे सगळा खेळ स्क्विशचा. स्क्विश म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेडची सपाट पट्टी यांच्यात उरणारी फट. तिथलं मिश्रण शेवटच्या क्षणी चिरडून मध्ये फेकलं जातं, घुसळण होते, ज्वाला भरभर पसरते आणि नॉक टळतो. साधारण एक मिमीच्या आसपास ती चांगलं काम करते.

आता नीट बघा. तुमच्या हेडची सपाट पट्टी म्हणजेच फेस. फेस अर्धा मिमी खरवडला तरी तो पुन्हा पॅकिंगवरच बसणार. म्हणजे स्क्विश फेसिंगने बदललाच नाही, १.२ होता, १.२ च आहे. बदललं ते चेंबरचं पोट. जाड पॅकिंग घातलंत की पोट परत मिळेल, पण स्क्विश १.५ होईल. रेशो जुना, घुसळण कमी. एवढ्यासाठीच काही जण पातळ पॅकिंग ठेवून चेंबरच्या भिंतीतून दोन सीसी काढतात.

मोजायचं असेल तर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घाला, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवा, क्रँक हाताने एकदा फिरवा, चपटलेली जाडी मायक्रोमीटरने बघा. पिस्टन पिनच्या रेषेतच घाला, नाही तर पिस्टन कलून खोटा आकडा देतो.

मायक्रॉन_मावशी

दोन_स्ट्रोक यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. तरी मी इथे जाड पॅकिंगच सुचवेन. चेंबर हाताने खरवडून चारही समान ठेवणं सवयीचं काम आहे, आणि रोजच्या गाडीत १.५ चा स्क्विश थोडा सैल असला तरी चालून जातो. शिवाय जाड पॅकिंग एका दगडात आणखी दोन पक्षी मारतं, टायमिंग आणि व्हॉल्व्हची फट.

बारा_चौदाचा_पाना

टायमिंगचं मला माहीत आहे. हेड खाली आलं की बेल्ट सैल होतो, टेन्शनर तो ओढून घेतो आणि कॅम पुढे जातो. अ‍ॅडव्हान्स.

स्पर्शिका

नाही दादा, मागे जातो. रिटार्ड.

दोन पुली आणि एक दोरी मनात आणा. क्रँक ताणाची बाजू खाली खेचतो, त्याच ओढीने कॅम फिरतो. टेन्शनर दुसऱ्या, सैल बाजूला असतो. हेड अर्धा मिमी खाली आलं की ताणाच्या बाजूला अर्धा मिमी बेल्ट जास्तीचा झाला. क्रँक जागेवर धरलाय. तो जास्तीचा बेल्ट टेन्शनर कुठून ओढून घेणार? कॅम पुलीवरून, म्हणजे फिरण्याच्या उलट दिशेला. म्हणून कॅम मागे.

किती मागे? @रविवारचा_फिटर, पुलीचे दात किती आणि दातांमधलं अंतर किती?

रविवारचा_फिटर

४४ दात, ८ मिमी.

स्पर्शिका

मग पुलीचा घेर ३५२ मिमी. ३५२ ला ३६० ने भागलं की कॅमच्या एका अंशाला जवळपास एक मिमी बेल्ट. अर्ध्या मिमीला कॅमचा अर्धा अंश, क्रँकचा एक. ताणाची बाजू सरळ उभी आहे असं धरलंय. तिरकी असेल तर थोडं कमी.

आणि "एक दात पुढे घेऊ का" हे कोणी विचारायच्या आत सांगते: एक दात म्हणजे कॅमचे ८.२ अंश, क्रँकचे १६.४. एका अंशाची चूक सोळा अंशांनी सुधारता येत नाही. त्यासाठी खाचा असलेली सरकती कॅम पुली किंवा तिरकी चावी (पुली कॅमवर अडकवणारा तुकडा).

बारा_चौदाचा_पाना

दोरी बांधून बघितलं. दोन डबे, एक दोरी, एक बोट टेन्शनर म्हणून. मागेच जातो. माझं म्हणणं मागे घेतो. कॅमसारखंच.

तेलकट_हात

🙂

एक अंश रिटार्डने इंजिन बंद पडत नाही, पण खालच्या फेऱ्यांवरची ओढ थोडी कमी होते. खरी गोष्ट व्हॉल्व्हची. हेड खाली आलं म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह पिस्टनच्या अर्धा मिमी जवळ आले. वर कॅम मागे गेला. इनटेक उशिरा उघडतो, त्यामुळे त्याला थोडी सवलत मिळते. एक्झॉस्ट मात्र उशिरा बंद होतो, म्हणजे पिस्टन वर येतो तेव्हा तो अजून उघडा असतो आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला. दोन्हीकडून मार एक्झॉस्टला. म्हणून फट आधी एक्झॉस्टचीच मोजायची. रेसची इंजिनं बांधणारे इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी ठेवतात. रोजच्या इंजिनांत कमी असू शकते, पण मोजल्याशिवाय किती ते कळत नाही.

पद्धत जुनीच. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा, वर तेलाचं बोट. जुनं पॅकिंग घालून हेड हलकं आवळा, टायमिंग लावा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. हेड उचला, माती ब्लेडने मधोमध कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. जुनं पॅकिंग आधीच दाबलेलं असतं, म्हणून तेच घ्या.

जुनं_डिझेल

डिझेलवाल्यांसाठी लिहून ठेवतो, नंतर कोणी शोधत येईल.

बऱ्याच डिझेलचं हेड सपाट, चेंबर पिस्टनच्या वाटीत. तिथे फेस मारल्याने रेशो जवळजवळ हलत नाही, पण व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरची नोजल खाली येतात. व्हॉल्व्ह फेसच्या किती आत बसावा याला किमान-कमाल ठरलेलं असतं. फेस मारला की तो आत राहत नाही, म्हणून सीट खोल कापाव्या लागतात. मग स्टेम वर येतं, स्प्रिंगची बसलेली उंची वाढते, ताण ढिला होतो. त्याला स्प्रिंगखाली शिम. नोजलला जाड तांब्याचा वॉशर. हेडमध्ये प्री-चेंबरच्या वाट्या असतील तर त्यांचाही हिशेब आधी. म्हणून काही कंपन्या डिझेलचं हेड फेस मारायला सरळ मनाई करतात, आणि ती मनाई पाळावी.

डिझेलचं पॅकिंग निवडताना कडेच्या खाचा मोजतात: पिस्टन डेकच्या किती वर येतो त्यावर जाडी ठरते. जुन्याला दोन खाचा होत्या म्हणून दोनवालंच आणलं, असं करू नका. डायल लावून पिस्टन मोजा.

व्ही_आठ_वेडा

आणि व्ही इंजिनमध्ये तर आणखी एक जण रुसतो, इनटेक मॅनिफोल्ड. ९० अंशांच्या व्हीमध्ये दोन्ही हेडं तिरकी खाली उतरतात आणि मॅनिफोल्ड मध्ये पाचरीसारखा बसलेला असतो. इनटेकचा फेस डेकला काटकोनात असेल तर पोर्टं जुळवायला हेडमधून जितकं काढलं तितकंच इनटेकच्या बाजूने काढावं लागतं, आणि मॅनिफोल्ड त्याच्या १.४१ पट खाली बसतो, म्हणून व्हॅलीवरच्या (दोन हेडांमधल्या खोलगट भागाच्या) कडांतून तितकं. फेस तिरका असेल तर दोन्ही आकडे वाढतात. हे केलं नाही की बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि माणूस भोकं मोठी करत बसतो.

पुशरॉड (खालच्या कॅमची हालचाल वर हेडपर्यंत नेणाऱ्या दांड्या) असतील तर आणखी एक. हेड खाली आलं की पुशरॉड लांब पडतो आणि हायड्रॉलिक लिफ्टर जास्त दाबला जातो. मग छोटे पुशरॉड किंवा रॉकरखाली शिम.

वाचनमात्र

एक कट घेतला आणि अख्खं इंजिन रांगेत उभं राहिलं की.

मायक्रॉन_मावशी

मंडळी, डिझेल आणि व्ही-आठ दोन्ही वाचून आनंद झाला, पण मूळ प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची तपासणी अजून कोणी सांगितलेली नाही. मीही पहिल्या प्रतिसादात सांगायला हवी होती.

@रविवारचा_फिटर, कॅम बसवून पाहिला का? बकेट आणि शिम काढून, नुसता कॅम जर्नलमध्ये (तो ज्यात फिरतो त्या बैठकींत) ठेवा, तेलाचा थेंब, वरच्या टोप्या टॉर्कला आवळा. दोन बोटांनी फिरायला हवा.

कारण सांगते. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या साधारण दुप्पट वाढतं. ४५० मिमीचं हेड ८० अंशांनी जास्त तापलं तर ते जवळपास ०.८ मिमी वाढू पाहतं, खालचा बिडाचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला ०.४. बोल्टांनी त्याला लांब होऊ दिलं नाही, मध्यभाग सर्वांत गरम, म्हणून मध्यभाग वर उचलतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. म्हणजे वाकतं ते पूर्ण हेड, केळ्यासारखं. आपण खालून फेस मारतो तेव्हा खालची बाजू सरळ होते. वरची कॅमची रेघ जशी वाकली होती तशीच राहते, तिला कटर शिवलेलाच नसतो.

म्हणून तापलेल्या ओव्हरहेड कॅमच्या हेडाचं काम उलट्या क्रमाने करायचं असतं. आधी सरळ करायचं: जाड पोलादी पाटावर टोकांखाली शिम ठेवून मध्यभाग बोल्टने खाली ओढायचा, भट्टीत दोनशे अंशांच्या वर काही तास, मग भट्टीतच हळूहळू गार. मग कॅमची रेघ तपासायची. फेस सर्वांत शेवटी, आणि तो दीड-दोन दशांशांत आटपतो.

रविवारचा_फिटर

मावशी, कॅम फिरत नाही.

पहिल्या दोन टोप्या आवळल्या तोवर छान. तिसरी आवळायला लागलो तसा घट्ट होत गेला. पाचही टॉर्कला आल्यावर पाना लावल्याशिवाय हलत नाही. टोप्या काढून पाहिलं तर तीन नंबरच्या जर्नलवर खालच्या अर्ध्या गोलात एक अंगठ्याएवढा चकचकीत डाग, बाकीच्यांवर काही नाही. स्ट्रेट एज कॅमच्या बैठकींवर ठेवली तर मधल्या तीन नंबरवर टेकून झुलते. दोन्ही टोकांना समान धरली की प्रत्येकी ०.१२ ची पाती जाते.

हे असंच चढवलं असतं तर?

तेलकट_हात

तीन नंबरचं जर्नल खरवडलं असतं, किंवा कॅम तुटला असता. कॅम तुटलेली मी पाहिली आहेत. दोन तुकडे, मध्ये स्वच्छ राखाडी भेग. दोष बेल्टला देतात.

मायक्रॉन_मावशी

०.१२. म्हणजे खालचा बाकही तेवढाच असणार. दीड-दोन दशांशांत फेस साफ झाला असता. उरलेले तीन दशांश विनाकारण गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं. कापलेला धातू परत जोडता येत नाही.

आता तुमच्याकडे दोन वाटा. भट्टीत सरळ केलंत तर कॅमची रेघ सुधारेल, पण नुकताच मारलेला फेस उलट्या बाजूला वाकेल. पुन्हा दीड दशांश काढावा लागेल आणि उरलाय एकच. ती वाट बंद.

दुसरी वाट लाइन बोरिंग. तुमच्या हेडाला सुट्या टोप्या आहेत हे नशीब. टोप्यांचे फेस थोडे कापायचे, पुन्हा आवळायच्या आणि पाचही जर्नल एका बारने एका रेघेत मूळ मापाला बोअर करायचे. कॅम मध्ये दीड दशांशाच्या आसपास खाली येईल, टोकांना अर्धा दशांश. मग कॅम बकेटच्या जवळ आला, टॅपेटची फट कमी झाली, शिम पातळ लागणार, दोन आणि तीन नंबर सिलिंडरला जास्त. कापण्याआधी शिमचे कोणते आकार मिळतात ते पाहून ठेवा. सीटही कापून घेणार असाल तर त्याची फट वेगळी जाईल, तीही मोजा.

काम देताना बोलून नका देऊ, कागदावर लिहून द्या. कोणतं माप आहे, कोणतं हवं, किती काढायचं आणि त्याच्यावर किती नाही.

जुनं_डिझेल

आणखी एक छोटी पण महाग गोष्ट. हेड पातळ झालं की बोल्ट तेवढा ब्लॉकमध्ये खोल जातो. भोक बंद तळाचं असेल तर बोल्ट तळाला टेकतो, पाना टॉर्क दाखवतो आणि हेड मात्र सैल. पॅकिंगशिवाय हेड ठेवून बोल्ट हाताने सोडून बघा, पुरेसे आटे शिल्लक आहेत का. भोकात तेल-पाणी अजिबात नको. बोल्ट पिचकारीसारखा दाबतो आणि ब्लॉकला भेग पाडतो.

वाचनमात्र

एक विचारू? मुळात तापलं का?

रविवारचा_फिटर

पाणी कमी झालं म्हणून, असं मी धरून चाललो होतो. पण पाणी का कमी झालं हे बघितलंच नव्हतं. बघतो.

रविवारचा_फिटर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

लाइन बोरिंग दुसरीकडून करून घेतलं. कागदावर मापं लिहून दिली, समोर उभा राहिलो. टोप्या आवळून कॅम ठेवला, दोन बोटांनी फिरवला, सोडला तरी अर्धा फेरा आपोआप जात होता. दहा वेळा तरी फिरवला असेन.

पॅकिंग १.५ चं. मातीने फट मोजली: एक्झॉस्टला २.३, इनटेकला २.६. पुरे. बोल्ट नवे, आटे मोकळे, तळाला टेकत नाहीत.

टायमिंगसाठी क्रँकवर अंशांची चकती लावली. टीडीसी डोळ्यांनी न धरता प्लगच्या भोकात अडणी घालून दोन्ही बाजूंनी टेकवला आणि मधला अंश घेतला. स्पर्शिकाताई, हिशेब असा केला होता: अर्धा मिमी फेसिंगचा, वर कॅम पुढच्या टोकाला उतरला तो ०.०५, त्यातून जाड पॅकिंगचे ०.३ वजा. राहिले ०.२५. म्हणजे क्रँकचा अर्धा अंश मागे. चकतीवर अर्धा ते पाऊण दिसला. सरकती पुली घेतली नाही, तसाच ठेवला.

शिम आठही बदलले. टोकाच्या सिलिंडरांना एक पायरी पातळ, मधल्या दोघांना तीन पायऱ्या. एक हजार किलोमीटरनंतर पुन्हा फट मोजणार.

आणि वाचनमात्र, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पाण्याच्या पंपाच्या सीलमधून थेंब थेंब जात होतं. पंपाखाली पांढुरक्या पाण्याचा माग बेल्टच्या कव्हरआड लपला होता. पंप बदलला. तो बेल्टवरच चालतो, त्यामुळे बेल्टही नवा.

स्पर्शिका

अर्धा ते पाऊण! बेल्ट तिरका आहे आणि पुलीच्या खाचेतही थोडा खेळ असतो, तरी इतकं जवळ. फोटो टाका ना चकतीचा.

बारा_चौदाचा_पाना

माझ्याकडे आत्ता एक हेड उतरवून ठेवलंय, तापलेलं. फेसिंगला देणार होतो. आधी कॅम फिरवून पाहतो.

मायक्रॉन_मावशी

पाहा आणि इथे लिहा. टोप्यांचे नंबर आणि दिशा मार्करने लिहून मगच सोडा.